एकांकिका, विद्यार्थिनिर्मित

महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी बहुधा स्वतःच लिहून, बसवून सादर केलेले लघुनाट्य. महाराष्ट्रात या प्रकारास स्थिर व्यासपीठ लाभले, ते पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने १९६३ मध्ये सुरू केलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेमुळे. तालमीत सर्वांच्या सूचनांनी संहिता घडत जाते. ताजे अनुभव, बोलीभाषा व समूहाभिनय ही तिची बलस्थाने. तथापि प्रकाश, संगीत व हालचालींच्या चमत्कृतीत पात्रांमधील संघर्ष पुष्कळदा दुबळा राहतो. २०२२ मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकास पात्र ठरविली नाही. या निर्णयावर बराच वाद झाला. परंतु उमेदवारीच्या प्रयोगासही नाट्यकलेचाच निकष लावणे, हा त्याच्या कर्त्यांचा खरा सन्मान होय.