भूत, प्रेम आणि विनोद : दलित कादंबरीपुढील एक प्रश्न

मराठीत भुताच्या गोष्टी पुष्कळ आहेत, प्रेमकथा अगणित आहेत आणि विनोदी लेखनाची परंपराही मोठी आहे. परंतु या तिन्ही गोष्टी एकत्र नांदतात अशी दोनअडीचशे पानांची कादंबरी दाखवा म्हटले की वाचक विचारात पडतो. द. मा. मिरासदारांची 'भुताचा जन्म' आठवते. पण ती कथा आहे. मास्तरच्या मदतीला धावणारे भूत आठवते. पण ते 'एक डाव भुताचा' (१९८२) या चित्रपटातले. 'पछाडलेला' (२००४) हाही चित्रपटच. नारायण धारपांनी भयकादंबऱ्या लिहिल्या, पण त्यांना वाचकाला घाबरवायचे होते, हसवायचे नव्हते. ही जागा रिकामी का राहिली, आणि दलित लेखकाने तेथे पाऊल ठेवावे काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न मला पुस्तकातून पडलेला नाही. देवनारच्या वस्तीत राहणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने आपली वही मला वाचायला दिली. तिच्या कादंबरीचा नायक कचरा वेचणारा पोरगा आहे. डम्पिंगवरचा ढीग अंगावर कोसळून तो मेला आहे. भूत झाल्यावर वस्तीतल्या एका मुलीवर त्याचा जीव जडतो, आणि तिला अभ्यासाला चार तास शांतता मिळावी म्हणून तो शेजारपाजारच्यांना घाबरवीत सुटतो. साठ पाने वाचताना मी मोठ्याने हसलो. पुढे वही कोरी होती. विचारले तेव्हा ती म्हणाली, "सर, पुढं सुचत नाही. आणि घरात वडील म्हणतात, बाबासाहेबांनी भुतं घालवली, तू परत आणतेस काय?"

या उत्तरात दोन अडचणी आहेत. एक कारागिरीची आहे, दुसरी आपल्या चळवळीची. दोन्ही वेगळ्या करून पाहिल्या पाहिजेत.

पहिली अडचण अशी की भय आणि हसू एकमेकांना मारतात. कथेत एकच धक्का पुरतो. कादंबरीत तोच धक्का चौथ्यांदा दिला की वाचक जांभई देतो. म्हणून लांब कादंबरीतल्या भुताला कायदा लागतो. ते कोणाला दिसते, कशाला हात लावू शकते, कोठे अडते, हे आरंभीच ठरले पाहिजे. भुताला सारेच जमू लागले तर प्रेमात अडथळा उरत नाही. काहीच जमले नाही तर विनोद उरत नाही. माझ्या विद्यार्थिनीचे भूत दहाव्या पानावर साधी चप्पल उचलू शकत नाही आणि चाळिसाव्या पानावर पाण्याचे पिंप उचलते. तिची लेखणी थांबली ती येथे, साठाव्या पानावर नव्हे.

ब्राझीलच्या जॉर्ज अमादोने 'दोना फ्लोर आणि तिचे दोन नवरे' (१९६६) या कादंबरीत हा कायदा फार चांगला पाळला आहे. विधवा फ्लोर एका सज्जन औषधविक्याशी पुनर्विवाह करते आणि मेलेला उनाड नवरा परत येतो. तो फक्त तिलाच दिसतो. या एका नियमातून सारा विनोद निघतो, आणि प्रेमाचा पेचही त्यातूनच निघतो. कारण तिला नव्या नवऱ्याशी प्रामाणिक राहायचे आहे. असा पेच शेकडो पाने पुरतो.

दुसरी अडचण आपली आहे. आपल्याकडे भुतालाही जात आहे. मुंज झाली आणि लग्नाआधी मेला तो मुंजा. ब्राह्मण मेला आणि वासना राहिली तर तो ब्रह्मसमंध. माणूस मेला तरी त्याचे जानवे सुटत नाही. कोकणातल्या मुंजावर २०२४ साली 'मुंज्या' हा हिंदी चित्रपट निघाला. भय, हसू आणि लग्नाची वासना हे सारे त्यात आहे. 'पछाडलेला'मधले भूतही इनामदाराचे, तेही वाड्यातले. वासना अपुरी राहिली असे म्हणण्याचा हक्कदेखील ज्यांच्याकडे वाडा आणि मुंज होती त्यांनाच मिळाला. ज्यांचे सारे आयुष्यच अपुरे राहिले त्यांच्या भुतांना या कथांत नाव नाही, प्रेम तर नाहीच.

शिवाय ज्या स्मशानाला पांढरपेशा वाचक भितो ते आपले कामाचे ठिकाण होते. मयताचा सांगावा पोहोचवणे, सरण रचणे, मेलेली ढोरे ओढणे ही गावकीची कामे आपल्या आजोबा-पणजोबांच्या माथी होती. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले. त्यांच्या 'स्मशानातील सोनं' या कथेतला भीमा मुंबईच्या उपनगरातल्या खाणीतले काम सुटल्यावर मढ्याच्या राखेत सोने शोधतो. त्याला भूत भिववीत नाही. त्याला भूक भिववते. भयाचे मूळच बदलले की विनोदाचेही मूळ बदलते. भुताने दार वाजवले तर आमच्या वस्तीतली बाई आधी विचारील, भाडे मागायला आलास काय?

आता त्या वडिलांच्या आक्षेपाकडे येऊ. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान न करण्याची प्रतिज्ञा आहे. अंधश्रद्धेविरुद्ध बोलणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला, हेही आपण विसरू शकत नाही. पण भूत खरे आहे असे सांगणे वेगळे आणि भुताकडून खरे बोलवून घेणे वेगळे. महात्मा फुल्यांनी १८५५ साली 'तृतीय रत्न' लिहिले. त्यात ग्रहांचे भय घालून जोशी एका कुणबी नवराबायकोला लुबाडतो, आणि विदूषक त्या भयाची टर उडवतो. दक्षिणा प्राइझ कमिटीने ते नाटक नाकारले. अदृश्याचे भय, घरातला जोडा आणि हसणारा विदूषक ही सामग्री आपल्या पहिल्याच नाटकात आहे. आंबेडकरी जलशांनीही लोकांना हसवीतच देवभोळेपणा झाडला. तेव्हा हसू हे परक्यांकडून उसने आणलेले नाही.

नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त (२०१३) जब्या काळ्या चिमणीची राख शोधत हिंडतो, कारण ती टाकली की शालू वश होईल असे त्याला सांगितलेले असते. आपण त्याच्यावर हसतो आणि हसता हसता थांबतो. ज्याला सरळ रस्त्याने प्रेम नाकारले जाते तोच जादूकडे वळतो. त्या जादूचा प्रचार चित्रपट करीत नाही. रस्ता कोणी अडवला हे दाखवतो. नायजेरियाच्या आमोस टुटुओलाने १९५२ साली आपल्या मेलेल्या ताडीवाल्याला परत आणायला मृतांच्या गावी जाणाऱ्या माणसाची धमाल कादंबरी लिहिली, तेव्हा तिथल्या शिकलेल्या लोकांनाच तिची लाज वाटली. ही लाज मला ओळखीची आहे. घरातला पहिला पदवीधर म्हणून आजीच्या हडळी मीही वर्षानुवर्षे लपवून ठेवल्या.

राहिला शेवट. प्रस्थापित भूतकथेत मांत्रिक येतो, विधी होतो, भुताला मुक्ती मिळते. आपल्याला हा शेवट चालणार नाही, आणि हीच आपल्या लेखकाची संधी आहे. विधी नाही, तर भूत सुटणार कशाने? मी त्या मुलीला एवढेच विचारले, ढिगाखाली मेलेल्या त्या पोराची नोंद कोठे झाली होती काय? १९२७ पासून मुंबईचा कचरा देवनारला येत राहिला, पण तो वेचणाऱ्यांची नावे किती कागदांवर आली? तिचे भूत दफ्तरात आपले नाव शोधू लागले, एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर धक्के खाऊ लागले, आणि त्याचे अर्ज ती जिवंत मुलगी लिहू लागली, तर त्यात विनोद आहे, प्रेमही आहे. नाव लागले की तो जाणार, हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे पेचही आहे. तेवढ्यात दोनशे पाने सहज भरतील.

वडिलांचा आक्षेप वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव, असेही मी तिला सांगितले. लिहिताना त्याला उत्तर देत जावे लागेल, आणि कादंबरीला ते उपकारकच ठरेल. वही तिने परत नेली आहे.