बेंजो : नक्कल आणि वाचन

कल्याणच्या खाडीलगतच्या आगरी-कोळी वस्त्यांत हळदीच्या रात्री, आणि शहरात विसर्जनाच्या मिरवणुकीत, ज्या वाद्याचा आवाज इतर सर्व आवाजांवर स्वार होतो त्या बेंजोची दखल मराठी समीक्षेने क्वचितच घेतली आहे. संगीतसमीक्षेला ते कलासंगीताबाहेरचे वाटते. लोकसाहित्याच्या अभ्यासकाला चित्रपटगीतांच्या संसर्गामुळे ते पुरेसे ‘अस्सल’ वाटत नाही. दोन्ही उपेक्षांच्या मुळाशी एकच गृहीत आहे. गायिलेली चाल वाद्यावर वाजविणे म्हणजे नक्कल, आणि नक्कल कितीही चपळ असली तरी तिला स्वतःचा आशय नसतो, असे ते गृहीत.

या वाद्याचे नावही उसनेच आहे. अमेरिकी बँजोशी त्याचे रचनेचे नाते नाही. १९१२ मध्ये जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता यांनी टायपरायटरसारख्या कळा तंतुवाद्याला जोडून ‘ताइशोगोतो’ तयार केले. भारतात ते बुलबुलतरंग झाले, आणि महाराष्ट्रात ध्वनिवर्धकाशी जोडले गेल्यावर बेंजो. डाव्या हाताने कळ दाबावयाची, उजव्या हातातील नखीने तारा छेडावयाच्या. कळ स्वराची जागा पक्की करते, त्यामुळे मींड सहजी निघत नाही. छेडलेल्या तारेचा नाद लवकर विरतो, त्यामुळे स्वर लांबविता येत नाही. गळ्याची जी दोन मोठी सामर्थ्ये, नेमकी तीच या वाद्याला नाकारलेली आहेत.

म्हणूनच येथे नक्कल मुळात शक्यच नाही. गायिकेने धरलेला दीर्घ स्वर वादकाला एक तर सोडून द्यावा लागतो, नाहीतर नखीच्या दुहेरी आघातांनी भरून काढावा लागतो. एका स्वरावरून दुसऱ्यावर गळा जेथे घसरत जातो तेथे वादकाला मधल्या कोणत्या स्वरांना स्पर्श करावयाचा हे ठरवावे लागते. हे ठरविणे म्हणजे चालीचे वाचन होय. अनुवादकासमोर असतो तोच पेच येथे आहे, फरक इतकाच की हा निर्णय मिरवणूक पुढे सरकत असताना घ्यावयाचा असतो.

मर्ढेकरांच्या लयतत्त्वाने या वादनाचा काही भाग उलगडतो. संवाद, विरोध आणि समतोल यांची नाती नखीच्या आघातांत आणि ताशाच्या घाईत खरोखर ऐकू येतात. परंतु केवळ नादसंवेदनांच्या रचनेवर थांबले तर मुख्य गोष्ट निसटते. बेंजोतून शब्द गाळलेले असतात, श्रोत्याच्या मनातून नव्हे. चाल सुरू होताच जमाव ओठांनी शब्द पुरवितो आणि वादक त्या अनुपस्थित शब्दांच्या भरवशावरच चालीशी खेळतो. ‘मी डोलकर’ हे गीत शांता शेळके यांनी लिहिलेले, हृदयनाथ मंगेशकरांनी स्वरबद्ध केलेले. कोळीगीताच्या ढंगाने रचलेली ही नागर कृती हळदीत बेंजोवर वाजू लागली की वस्तीच्या परंपरेचाच भाग होऊन बसते. कोणाची चाल कोणाकडून कोणाकडे गेली, हा प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. अभ्यासकांनी मात्र तो विचारावयास हवा.

अन्यत्रही असे घडले आहे. ‘मिसिरलू’ ही पूर्व भूमध्य प्रदेशातील चाल १९२७ मध्ये ग्रीक शब्दांसह ध्वनिमुद्रित झाली. १९६२ मध्ये डिक डेल यांनी ती विद्युत गिटारीवर, एकाच तारेवरील अतिजलद आघातांनी, शब्दांविना वाजविली आणि ती समुद्रलाटांवर स्वार होणाऱ्या कॅलिफोर्नियातील तरुणांची झाली. आज तीच चाल युकुलेलेवर वाजविली जाते. हे वाद्य १८७९ मध्ये हवाईत आलेल्या मदेइरा बेटांवरील मजुरांच्या छोट्या तंतुवाद्यातून घडले. चार तारा, लहान आवाका, आणि प्रचलित जुळणीत चौथी तार तिसरीपेक्षा उंच; म्हणजे उतरत्या स्वरांसाठी हाताला उलटी वाट धरावी लागते. ध्वनिवर्धकाचा गडगडाट काढून घेतल्यावर चालीत काय उरते, याची परीक्षा अशा वादनात होते. बेंजोवादकाची परीक्षा नेमकी उलट आहे. त्याच्याकडे गडगडाट भरपूर आहे, उसंत नाही.

आणि पुष्कळदा तो या परीक्षेत उतरतही नाही. सुरुवातीपासून अखेरपर्यंत एकाच वेगाने वाजविलेल्या पाच चाली शेवटी एकच चाल होतात. उरतो तो उजव्या हाताचा व्यायाम. या वादनाचे मूल्यमापन करावयाचे तर असा भेद करणे अपरिहार्य आहे. ‘जनतेची कला’ म्हणून सरसकट गौरव करणे हाही उपेक्षेचाच एक सभ्य प्रकार. रवी जाधव दिग्दर्शित ‘बँजो’ (२०१६) या हिंदी चित्रपटात वादकाचा शोध घ्यावयास न्यूयॉर्कहून एक संगीतकार तरुणी येते. वाद्याची योग्यता सिद्ध करण्यासाठी परदेशी कान लागावा, ही त्या कथेतील खरी बोचरी जागा आहे. चित्रपट मात्र तिच्यावर रेंगाळत नाही.

दरम्यान अनेक ताफ्यांत बेंजोशेजारी कीबोर्ड येऊन बसला आहे. त्याला स्वर लांबविता येतो, वाकविताही येतो. ज्या ठिकाणी बेंजोवादकाला काहीतरी निवडावे लागत असे, त्या ठिकाणी कीबोर्डवादक कळ नुसती दाबून धरतो.