खर्जाचा गवई

ट्यूबा ह्या वाद्याचे नाव काढले की पाश्चात्य देशांतही लोक आधी हसतात आणि मग ऐकतात; पुष्कळदा ऐकावयाचे राहूनच जाते. १८३५ साली बर्लिनमध्ये ह्या वाद्याचे पेटंट घेतले गेले. तेव्हापासून त्याचे काम ठरून गेले : मागे बसावयाचे आणि इतरांच्या सुरांखाली खर्जाची सतरंजी अंथरावयाची. मैफल इतरांची, गाणे इतरांचे.

ह्या सतरंजीवरून उठून पुढे येणारे पहिले वादक रॉजर बोबो नव्हेत. १९५४ साली लंडनमध्ये, एक्याऐंशी वर्षांच्या व्हॉन विल्यम्स ह्यांनी ट्यूबासाठी रचलेला कन्चेर्टो फिलिप कॅटलिनेट ह्यांनी वाजवला होता. अमेरिकेत हार्वी फिलिप्स नव्या रचनांसाठी संगीतकारांचे उंबरे झिजवीत होते. परंतु १९६१ साली न्यूयॉर्कच्या कार्नेगी रिसायटल हॉलमध्ये ऐन विशीतल्या बोबोंनी आख्खी मैफल ट्यूबाची केली, आणि 'कधी तरी गंमत म्हणून' हा भाव संपला.

१९६४ पासून पंचवीस वर्षे ते लॉस एंजलिस फिलहार्मॉनिकमध्ये होते. आपल्या मुंबईचे झुबिन मेहता त्या वाद्यवृंदाची धुरा १९७८ पर्यंत वाहत होते. तेथीलच तालवाद्यवादक विल्यम क्राफ्ट ह्यांनी १९६६ मध्ये बोबोंसाठी 'एन्काउंटर्स–२' ही रचना केली. साथीला कोणी नाही. एक स्वर ओठांनी वाजवीत असता दुसरा गळ्यातून गुणगुणावयाचा, खर्जातून एकदम तारसप्तकात उडी घ्यावयाची, असा सारा मामला. ऐकताना मी थक्क होतो. पण खरे सांगावयाचे तर थोडा सर्कशीचाही भास होतो.

माझ्या मते बोबोंची थोरवी ह्या कसरतीत नाही. गॅलियर्ड ह्या जुन्या संगीतकाराचा, मुळात चेलोसारख्या वाद्यांसाठी असलेला सोनाटा त्यांनी ट्यूबावर वाजवला आहे. सोळा सोळा फूट लांबीची नळी भरावयाची म्हणजे दमसास काही थोडाथोडका लागत नाही. साधारण वादकाच्या वाक्यावाक्यात धाप ऐकू येते. बोबोंचा श्वास मात्र वाक्य जेथे संपते तेथेच संपतो. एखाद्या कसलेल्या गवयाने मुखडा सहज समेवर आणून ठेवावा तसा. स्वर जाड आहे, पण जड नाही.

त्यांच्या मागून आलेल्यांनी ह्यातले काय उचलले? पुष्कळांनी उडी उचलली. आज एकट्याने वाजविणाऱ्या काही ट्यूबावादकांना ऐकावे, तर हा गडी ट्रम्पेट होण्यासाठी का धडपडतो आहे, असा प्रश्न पडतो. वरच्या स्वरांची आतषबाजी चाललेली असते आणि खर्ज, म्हणजे ह्या वाद्याचे माहेर, ओस पडलेले असते. ह्याचा दोष थोडासा बोबोंच्या पदरीही जातो. दिपवणे त्यांनाही आवडे. पण ते रात्री एकट्याचा सोनाटा वाजवीत आणि सकाळी तालमीला मागच्या खुर्चीत बसून इतरांचे स्वर तोलून धरीत. नकलाकारांनी ती खुर्ची पाहिलीच नाही.

ज्यांनी पाहिली त्यांचे वादन वेगळे. जीन पोकोर्नी लॉस एंजलिसच्या ह्याच मंडळींत शिकले आणि १९८९ मध्ये शिकागो सिम्फनीत आर्नल्ड जेकब्ज ह्यांच्या जागी बसले. त्यांचा खर्ज वाद्यवृंदाच्या पोटातून येतो, तरी त्यात गाणे असते. त्याच वर्षी बोबोंनी लॉस एंजलिस सोडले. पुढे फ्लॉरेन्सजवळ फिएसोले येथे, लोझानला, टोकियोत ते शिकवीत राहिले. फेब्रुवारी २०२३ मध्ये मेक्सिकोतील ओआहाका येथे त्यांचे निधन झाले.

फटाक्यांचा गलका ओसरला की त्या गॅलियर्डचा संथ भाग जरूर लावा. फक्त घरातल्या मुलांना वाद्याचे नाव आधी सांगू नका.