प्रकल्प, पाडा आणि बोली

'प्रकल्प' हा शब्द आपल्या प्राथमिक शाळांत रूढ झाला आणि रूढ होता होताच त्याचा मूळ अर्थ निसटला. विल्यम किलपॅट्रिक यांनी १९१८ सालच्या आपल्या निबंधात भर दिला होता तो केवळ कृतीवर नव्हे, तर कृतीमागील मुलाच्या स्वतःच्या हेतूवर. हेतू दुसऱ्याचा आणि हात मुलाचे, असे झाले की उरते ती हस्तकला. दुकानातून आणलेली चित्रे चिकटवून सजविलेली 'माझा परिसर' ही वही याच जातीची होय. (ती पुष्कळदा पालकच पुरी करतात, हा भाग निराळा.)

याहून सर्वस्वी वेगळी दृष्टी ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या कार्यात आढळते. १९४५ साली बोर्डी येथे आरंभिलेले हे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली मुले शाळेत येत नाहीत, याचे कारण या दोघींनी मुलांच्या अंगी शोधले नाही. लहानग्यांसाठी बालवाडी पाड्याच्या अंगणात गेली, ती अंगणवाडी; गुरे राखणाऱ्यांसाठी शाळा कुरणात गेली, ती कुरणशाळा. भाषेच्या अभ्यासकास ही नावे अर्थपूर्ण वाटतात. दोन्ही समासांत पूर्वपद मुलाच्या जगातले, उत्तरपद संस्थेचे. तत्पुरुषात उत्तरपद प्रधान असते, असे व्याकरण सांगते. येथे मात्र पूर्वपदानेच उत्तरपदाला आपल्यामागे चालविले.

तथापि शाळेचे स्थळ बदलले म्हणजे तिची भाषा बदलली, असे नव्हे. ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या सातव्या खंडात वारलीची नोंद मराठीची बोली म्हणून आहे. या वर्गीकरणामुळेच एक सोयीस्कर समज बळावतो की, मूल जे बोलते ते अशुद्ध मराठी होय, आणि ते शुद्ध करणे हे शिक्षकाचे काम. मुलाने रानातून कणीस आणून 'नागली' म्हणावे आणि शिक्षकाने वहीत 'नाचणी' लिहावयास लावावे, हे त्या समजाचे साधे रूप. निसर्गाचा पाठ पुरा होतो. पण त्याच क्षणी 'मी कोण' या पाठाचे उत्तर खोडले जाते. 'आपले गाव' या विषयाचेही तेच. जो पाड्यात वाढला, त्याला प्रथम पाड्याबद्दल बोलू द्यावयास हवे. शिवाय धान्य, धान्याची देवता कणसरी आणि लग्नात गाणारी धवलेरी हे त्याच्या दृष्टीने तीन वेगळे पाठ नव्हेतच. स्वत्व, समाज व निसर्ग हे विभाग अभ्यासक्रमाने पाडलेले आहेत.

याचा अर्थ मुलास बोलीतच थांबवावे असा कोणी घेऊ नये. प्रमाण मराठी त्याला हवीच. ती नाकारणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय ठरेल. प्रश्न क्रमाचा आहे. नमुन्यावरील चिठ्ठीवर आधी मुलाचा शब्द, मग शेजारी प्रमाण शब्द. मुलाचा शब्द शिक्षकास ठाऊक नसेल, तर त्याने तो विचारावा. क्षेत्रकार्यात आपण माहितगारास ज्या आदराने विचारतो, त्याच आदराने. अशा वेळी प्रकल्पाचा हेतू आपोआप मुलाचा होतो, कारण सांगण्यासारखे काही त्याच्यापाशी असते.

दोष केवळ शाळांचा नाही. आम्ही बोली-अभ्यासक पाड्यांवर जाऊन शब्दसूच्या गोळा करतो, त्यांवर प्रबंध लिहितो, आणि त्या सूचीची एक प्रत तेथील शाळेच्या शिक्षकास देण्याचे आमच्या क्वचितच मनात येते.