मेट्रोपोलिस पद्धतीचा आंतरविद्याशाखीय प्रवास : एक चिकित्सा

आंतरविद्याशाखीय संशोधनाचा पुरस्कार सर्वत्र होत असला, तरी एका विद्याशाखेत सिद्ध झालेली संगणकीय पद्धती दुसरीपर्यंत प्रत्यक्षात कशी पोहोचते, याची चिकित्सा क्वचितच होते. त्या दृष्टीने मेट्रोपोलिस पद्धतीचा इतिहास तपासण्याजोगा आहे.

जून १९५३ मध्ये 'जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स' या नियतकालिकात निकोलस मेट्रोपोलिस, आरिआना व मार्शल रोझेनब्लूथ आणि ऑगस्टा व एडवर्ड टेलर यांचा लेख प्रसिद्ध झाला. लॉस अलामॉस येथील 'मॅनिअ‍ॅक' संगणकावर २२४ कणांच्या द्विमितीय प्रतिमानाचे गणित त्यात मांडले होते. कृती साधी आहे. एखादा कण यदृच्छेने किंचित हलवावा; ऊर्जा घटल्यास नवी स्थिती स्वीकारावी, वाढल्यास ठरावीक संभाव्यतेनेच स्वीकारावी, अन्यथा जुनीच स्थिती पुन्हा मोजावी. येथे दोन संभाव्यतांचे केवळ गुणोत्तर लागते. अतिशय दुष्कर असा सामान्यीकरणाचा स्थिरांक काढावाच लागत नाही. बेझप्रणीत संख्याशास्त्राची वाट नेमका हाच स्थिरांक अडवून बसला होता! परंतु लेखाचे शीर्षक अवस्था-समीकरणाविषयी होते. संख्याशास्त्राचा अभ्यासक तो कशासाठी उघडणार?

टोरांटो येथे रसायनशास्त्रज्ञांच्या संपर्कातून हेस्टिंग्ज यांना ही पद्धती परिचित झाली आणि १९७० मध्ये 'बायोमेट्रिका'त त्यांनी तिला व्यापक रूप दिले. म्हणजे भिंत ओलांडली गेली ती संभाषणामुळे. तरीही संख्याशास्त्रज्ञांनी ती तत्काळ उचलली नाही. संगणक दुर्मीळ व महाग होते हे खरे. मात्र सारा दोष यंत्रावर टाकणे सोयीचे असले तरी पुरेसे नाही. १९८४ मध्ये जेमन बंधूंनी प्रतिमा-पुनर्स्थापनेसाठी याच कुळातील पद्धती वापरली आणि १९९० मध्ये गेलफंड व स्मिथ यांच्या लेखाने ती संख्याशास्त्राच्या मुख्य प्रवाहात आणली. एव्हाना ३७ वर्षे लोटली होती.

केंब्रिज येथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या 'बग्ज' आज्ञावलीच्या प्रकल्पाने पुढील अडसर दूर केला. पद्धतीचे वर्णन वाचून गणित नव्याने रचण्याची गरज उरली नाही. या सुलभतेची किंमतही आहे. साखळी स्थिरावण्यापूर्वीच थांबवून मिळालेले आकडे निष्कर्ष म्हणून मांडले जाण्याचा धोका त्यात आहे, आणि परक्या शाखेतील परीक्षकाला तो ओळखता येईलच असे नाही. भिन्न विषयांचे लेख एकाच मुखपृष्ठाखाली बांधणाऱ्या नियतकालिकांनी सारांशात पद्धतीचा गणिती गाभा विषयनिरपेक्ष भाषेत मागितला पाहिजे आणि आज्ञावली लेखासोबत जोडण्याचा आग्रह धरला पाहिजे.

श्रेयाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. पद्धतीला नाव मिळाले ते लेखकयादीत प्रथम असलेल्याचे. मेट्रोपोलिस यांचा वाटा मुख्यतः संगणकाचा वेळ उपलब्ध करून देण्यापुरता होता, असे मार्शल रोझेनब्लूथ यांनी २००३ मध्ये सांगितले. 'मॅनिअ‍ॅक'साठी प्रत्यक्ष आज्ञावली लिहिली ती आरिआना रोझेनब्लूथ यांनी. १९५३ च्या लेखासोबत ती छापली गेली नव्हती.