मारव्यातला षड्ज आणि खोलीतला खर्ज

मारवा गाणाऱ्याला षड्ज सोडता येत नाही आणि त्यावर ऐसपैस बसताही येत नाही. रागाचा सगळा भार कोमल रिषभ आणि शुद्ध धैवतावर. पंचम वर्ज्य. षड्जावर यायचं ते उशिरा, वळसा घालून, आणि आल्यावर लगेच निघायचं. अमीर खाँसाहेबांची एचएमव्हीची लाँग प्ले, एका बाजूला मारवा आणि दुसरीकडे दरबारी, ज्यांनी ऐकली आहे त्यांना ही हुलकावणी तोंडपाठ असते. झुमऱ्याच्या 14 मात्रा अतिविलंबित चालल्या आहेत. खाँसाहेब मंद्र धैवत-निषादात रेंगाळतात, रिषभावर येऊन टेकतात, षड्ज हाताशी असतो आणि ते पाऊल मागे घेतात. मागे तंबोरा मात्र तोच षड्ज अखंड सांगतो आहे. मारव्याची कातरवेळची हुरहुर मला या दोघांच्या मधल्या जागेत सापडते. तंबोऱ्याने धरून ठेवलेलं गवई देत नाही, आणि आपण वाट बघत राहतो.

म्हणजे या तबकडीत तंबोरा कसा ऐकू यावा, हा प्रश्न यंत्राचा असला तरी रसाचाही आहे. माझ्याकडे बरीच वर्षं व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर होता. वेस्टर्न इलेक्ट्रिकने 1930च्या दशकात काढलेल्या, सिनेमागृहांच्या ध्वनियंत्रणेत गाजलेल्या 300बी या व्हॉल्व्हवर चालणारा, एका बाजूला जेमतेम 8 वॉट देणारा. लावला की अर्धा तास तापू द्यायचा; एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातल्या हॉलमध्ये ही एक वेगळीच तपश्चर्या. त्यावर खाँसाहेबांचा आवाज असा भरून यायचा की विचारू नका.

हे भरणं कुठून येतं, ते कानाने उलगडून पाहण्यासारखं आहे. असा एकेरी व्हॉल्व्हचा ॲम्प मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट कंपनांचा स्वर थोडासा मिसळतो. दुप्पट कंपनं म्हणजे वरच्या सप्तकातला तोच स्वर. षड्जाला तार षड्ज, रिषभाला तार रिषभ. हा दोषच, पण सुरेल दोष. बेसूर काही लागत नाही, स्वर फक्त गुबगुबीत होतो. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा सरकवून आपण तारेला जे करतो, त्यातलंच थोडं हा ॲम्प सगळ्या ध्वनिमुद्रणाला करत होता. सी. व्ही. रामन यांनी 1921 मध्ये तंबोऱ्याच्या घोडीवर लिहिलं तेव्हा त्यांना नवल वाटलं होतं ते याचंच: तार जिथे छेडली तिथे जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही तिच्यातून स्पष्ट ऐकू येतात. तंबोऱ्याचं सारं वैभव उपस्वरांत आहे. मग त्यावर आणखी एक जवारी चढवली तर बिघडलं कुठे?

इथे माझी खोली मध्ये येते. हॉलची लांबी 16 फूट. पुरुष गवयाची पट्टी काळी एक धरली तर तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वांत खालचा षड्ज, 69 हर्ट्झच्या आसपास पडतो, आणि त्या ध्वनीच्या एका लाटेची लांबी होते साधारण 16 फूट. खोली त्या लाटेला नेमकी बेतून शिवलेली. लाट दोन भिंतींमध्ये अडकते आणि भिंतीलगत सर्वांत जोरात फुगते. आपल्याकडे सोफा कुठे असतो? भिंतीला चिकटून. त्यात व्हॉल्व्हच्या ॲम्पची स्पीकरवरची पकड सैल, आणि माझे स्पीकर स्वतःही त्याच पट्ट्यात घुमणारे. तिघांनी मिळून खर्ज सुजवून ठेवला होता. मारव्यात जो स्वर गवई हट्टाने राखून ठेवतो, तो माझी खोली दर आवर्तनात पाचपन्नास वेळा फुकट वाटत होती. मी त्याला ‘वातावरण’ म्हणत होतो.

आता त्या व्हॉल्व्हच्या ॲम्पच्या जागी लिंगडॉर्फ या डॅनिश कंपनीचा टीडीएआय-1120 हा ॲम्प आहे. कंपनीचे संस्थापक पीटर लिंगडॉर्फ यांच्या घराण्यातून 1990च्या दशकाच्या अखेरीस टॅक्ट मिलेनियम हा पूर्ण डिजिटल ॲम्प्लिफायर आला होता. नव्या डब्याचं रूप सुमार. काचेतला लालसर उजेड नाही, हाताला चटका नाही. आतले ट्रान्झिस्टर सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतात आणि त्या ठोक्यांच्या कमी-जास्त रुंदीतून गाणं घडतं. तबकडीची सुई फोनो इनपुटातून आत शिरते ती आधी आकड्यांत मोडली जाते. शुद्धतावाद्यांनी इथे कानावर हात ठेवावेत.

खरी गंमत खोली मोजणाऱ्या मायक्रोफोनची. पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिज बंद. पहिलं माप आपल्या बैठकीच्या जागी. पुढची मापं मात्र बैठक सोडून कुठेही: कोपऱ्यात, पुस्तकांच्या कपाटापाशी, कमरेएवढ्या उंचीवर, तोंड वाटेल तिकडे. यंत्र दर वेळी चाचणीचे स्वर वाजवतं आणि खोली आपल्याला किती टक्के कळली ते सांगतं. नव्वदीपार गेलं की पुरे. मग ते दुरुस्तीचा आलेख दाखवतं. माझ्या आलेखात 70 हर्ट्झपाशी खोल दरी होती. जिथे खोली फुगवते, तिथे यंत्र तेवढंच काढून घेतं. उलट जिथे लाटा एकमेकींना खाऊन टाकतात, ती पोकळी कोणत्याही यंत्राला भरता येत नाही. जास्त आवाज ओतला तर तोही तसाच खाल्ला जातो.

दुरुस्तीनंतरचा मारवा पहिल्यांदा रोडावल्यासारखा वाटतो. धीर धरावा. खर्ज जात नाही. त्याचे उपस्वर शाबूत असले की कान मूळ स्वर आपोआप उभा करतो. आणि खालची गाज ओसरली की ते उपस्वर मोकळे होतात. पाचवा उपस्वर म्हणजे गांधार, ज्याला आपण स्वयंभू गांधार म्हणतो. या जुन्या मोनो मुद्रणात तंबोरा बेताचाच घेतला आहे, तरी तो गांधार आता कानी येतो. खाँसाहेबांचा आवाज दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये उभा राहतो, पूर्वी तो डाव्या भिंतीकडे पसरायचा. सर्वांत मोठा फरक रिषभात पडला आहे. तो कोमल रिषभ षड्जाच्या किती जवळ आणि तरीही किती वेगळा ठेवलेला आहे, ती फट दिसते. पूर्वी त्या फटीत खोली शिरून बसली होती. षड्ज आता उधार राहतो, आणि म्हणून शेवटी लागतो तेव्हा सत्कारणी लागतो.

दरबारीच्या बाजूला मात्र मला जुन्या ॲम्पची आठवण येते, हे लपवत नाही. मंद्रातल्या आंदोलित गांधाराला ती सूज शोभून दिसायची. दरबार भरल्यासारखा वाटायचा. ते गांभीर्य थोडंसं खाँसाहेबांचं नसून माझ्या भिंतींचं होतं, एवढं कळूनही ते आवडायचं थांबत नाही. शिवाय तबकडीवरचे ओरखडे नवा ॲम्प निष्ठुरपणे मोजून देतो. तरी निवड करायची झाली तर मी मारव्याच्या बाजूने कौल देईन.

हे वाचून कुणी लगेच पाकीट काढू नये. आधी सोफा भिंतीपासून दोन-अडीच फूट पुढे ओढा, आहे त्याच ॲम्पवर मारवा पुन्हा लावा. खर्जाचा बराचसा फुगवटा तेवढ्यानेच उतरतो, आणि त्याला पैसे पडत नाहीत.