अभिरूप न्यायालयातील साक्ष : पाळत, खासगीपण आणि ‘शांतता! कोर्ट चालू आहे’

पाळत आणि खासगीपण यांचा विचार बहुधा लाभहानीच्या हिशेबाने मांडला जातो. एका पारड्यात समाजाची सुरक्षितता, दुसऱ्यात व्यक्तीचे स्वातंत्र्य. पाहणारी ती शासनसंस्था आणि पाहिली जाणारी ती एकाकी व्यक्ती, हे या मांडणीत गृहीत असते. बेंथॅमच्या १७९१ मधील वर्तुळाकार तुरुंगाच्या आराखड्याला मिशेल फूकोने १९७५ मध्ये आधुनिक शिस्तीचे प्रतिमान मानले आणि मध्यवर्ती मनोऱ्याची प्रतिमा चर्चेत रूढ झाली. विजय तेंडुलकरांचे १९६७ साली रंगभूमीवर आलेले ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक या प्रतिमेच्या मर्यादा दाखवून देते.

लीला बेणारेवर पाळत ठेवणारा मनोरा येथे नाही. आहेत ते तिचेच नाट्यसहकारी. रोकडेने तिला प्रा. दामल्यांच्या घरी पाहिलेले असते. पोंक्षेला तिने स्वतःच विश्वासाने काही सांगितलेले असते. या साक्षींतील तपशील बव्हंशी खरा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. ‘ज्याच्याजवळ लपवण्याजोगे काही नाही त्याने भिण्याचे कारण नाही’ हा पाळतीचा नेहमीचा युक्तिवाद त्यामुळे लंगडा पडतो. बेणारेवर होणारा अन्याय खोटेपणातून जन्मत नाही. एका नात्यात दिलेली माहिती दुसऱ्या नात्यात पुरावा म्हणून वापरली जाते, येथे तो घडतो. अभिरूप न्यायालयाचा ‘खेळ’ या स्थलांतराला सोयीची वाट देतो, कारण खेळात कुणीच जबाबदार नसतो.

लाभाच्या पारड्याचेही नाटक कठोर परीक्षण करते. काशीकर समाजहिताच्या आणि मातृत्वाच्या पावित्र्याच्या नावाने बोलतात. तेच न्यायाधीशाची खुर्ची सोडून साक्ष देतात. सुखात्मे फिर्यादी आणि बचाव अशा दोन्ही पक्षांचे वकील आहेत. पाहणे, आरोप करणे आणि निवाडा देणे ही कामे एकाच वर्तुळात फिरत राहतात. आरोप भ्रूणहत्येचा असताना शिक्षा गर्भ नष्ट करण्याची दिली जाते. समाजहित हे मूल्य या निवाड्यात केव्हाच उरलेले नाही, फक्त त्याची भाषा उरली आहे.

तरीही हे नाटक म्हणजे खासगीपणाची सरळ कैफियत, असे वाचन अपुरे ठरेल. दामल्यांचे नाव पुकारले जाते, परंतु ते हजर नसतात. त्यांचे खासगीपण अखेरपर्यंत अबाधित राहते. घराच्या भिंती दुर्बलाला जेवढे झाकतात तेवढेच बलवंताच्या कृत्यांनाही झाकतात, हे स्त्रीवादी विचाराने दाखवून दिलेच आहे. घरातील हिंसेला कित्येकदा बाहेरच्या डोळ्याचाच धाक असतो. तेव्हा प्रश्न पाळत असावी की नसावी एवढाच नाही. खासगीपणाची वाटणी समाजात कशी झाली आहे, हाही आहे.

२०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपण हा मूलभूत अधिकार मानला. हस्तक्षेपाला कायद्याचा आधार, वैध हेतू आणि हेतूशी प्रमाणशीर उपाय या कसोट्या त्या निर्णयात पुढे आल्या. त्या मुख्यतः राज्यसंस्थेला बांधतात. काशीकरांच्या न्यायालयाला मात्र कोणतीही मुद्रा नाही, म्हणून त्याला कसोटीही नाही.

तेंडुलकरांनी ती कसोटी रंगभूमीच्या भाषेत सुचवली आहे. बेणारेला निवेदनासाठी दहा सेकंद मिळतात. ती बोलते तेव्हा इतर सारे निश्चल असतात, जणू कुणी ऐकतच नाही. ऐकतो तो प्रेक्षक. प्रेक्षकही पाहणाराच आहे आणि तिच्या गुपितांत त्यालाही रस वाटलेला असतो. या ठिकाणी त्याच्या पाहण्याला प्रथमच ऐकण्याची जोड मिळते. पाहिल्या गेलेल्या व्यक्तीला पाहणाऱ्याला उत्तर देता येते का, उलट प्रश्न विचारता येतो का, आणि नको असेल तेव्हा निघून जाता येते का, यांवर पाळतीचे मोल ठरावे. नाटकाच्या आरंभी सहज दाखवलेली दाराची कडी पुढे बेणारेची वाट अडवते. दार उघडते ते तिच्यासाठी नव्हे. खेळ सुरू झाला का, हे पाहायला आलेल्यांसाठी ते उघडते.